दुधाचे खाडे आणि भिंतीवरचं कॅलेंडर



पीएचडीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "एमएस्सी फिजिक्सला केलंत, मग घरातल्या कॅलेंडरवर काय काम करणार?" मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "सर, कॅलेंडर म्हणजे घराची स्मरणशक्ती." समितीने मान डोलावली. वाक्य चुकीचं होतं. ते कळायला मला दोन वर्षं लागली, आणि त्यासाठी आमच्याच घरातलं जानेवारी २०१० चं एक पान कारणी लागलं. ते पान मी आधी कसं चुकीचं वाचलं, हे आज सांगते. तुम्ही संशोधनाच्या उंबरठ्यावर असाल तर उपयोगी पडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. घरातलं तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला मिक्सर, फ्रिज, मोबाइल आठवतो. पण चौकोन छापलेला कागद, एक खिळा आणि दोऱ्याला बांधलेलं पेन हेही तंत्रज्ञानच आहे. आणि ते आपल्या स्वयंपाकघरात सहजासहजी आलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं. त्या काळी छापील कागदाला हात लावायलाही काही लोक कचरत. गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन' या १८६३ च्या पुस्तकात गणपत कृष्णाजींची हकिगत आहे. जमलं तर मूळ पुस्तकच वाचा.

पंचांग छापलं गेलं तरी ते घरातल्या बाईच्या हातात लगेच आलं नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं आकड्यांच्या आणि आद्याक्षरांच्या दाट रांगांमध्ये बसवलेली. वाचायला जाणकार लागायचा. म्हणजे एकादशी कधी आहे, हे कुणाला तरी विचारावं लागायचं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हात घातला. १९५२ मध्ये दिनदर्शिका सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि अध्यक्ष होते मेघनाद साहा. (होय, तेच साहा. एमएस्सीत त्यांच्या आयनीकरणाच्या समीकरणाने मला रडवलं होतं. पुन्हा असे भेटतील असं वाटलं नव्हतं.) समितीसमोर देशातली तीसेक वेगवेगळी पंचांगं होती. त्यांच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ती राजपत्रावर आली, आकाशवाणीवर ऐकू आली. फोडणी देता देता मान वर करून बघावी, अशा जागी मात्र ती पोचली नाही.

ती जागा नंतर कालनिर्णयने घेतली. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ मध्ये सुरू केलं. महिन्याला एक पान, दिवसाला एक चौकोन, त्यात तारीख, तिथी, सण, सुट्टी. मागच्या बाजूला लेख आणि पाककृती. त्याच्या यशाबद्दल बोलताना सगळे छापलेल्या मजकुराबद्दल बोलतात. मला महत्त्वाची वाटते ती चौकोनात उरलेली मोकळी जागा. पंचांगात वाचायचं असतं, इथे लिहिता येतं. माझं मत असं की भिंतीवरच्या दिनदर्शिकेने दोन कामं एकदम केली: तिथी सांगण्याचा मान जाणकाराकडून काढून ओट्याजवळ उभी असलेल्या बाईला दिला, आणि त्याच चौकोनात घराचा हिशेब ठेवण्याची जबाबदारीही तिच्याच गळ्यात टाकली.

काय काय लिहिलेलं असतं बघा. दुधाचे खाडे, कामाला येणाऱ्या मावशींचे खाडे, इस्त्रीचे कपडे, फी भरायची शेवटची तारीख, सिलिंडर लावल्याचा दिवस. एखाद्या चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक टिंब, ज्याचा अर्थ घरातल्या पुरुषांनी कधी विचारलेला नसतो. विज्ञानवाल्यांना हे आवडेल: सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक सिलिंडर लावल्यापासून पुढचा लावेपर्यंत ४० दिवस गेले असतील, तर रोजचा गॅस सुमारे ३५५ ग्रॅम. पाहुणे आले, दिवाळीचा फराळ झाला की हा आकडा हलतो. मी असे आलेख काढकाढून पहिलं प्रकरण भरलं होतं.

साहित्य मिळवणं मात्र कठीण. जानेवारी उजाडला की जुनं कॅलेंडर रद्दीत जातं किंवा वह्यांना कव्हर म्हणून लागतं. आमची काही वर्षांची पानं वाचली, कारण आईने ती कपाटाच्या फळ्यांवर अंथरली होती. त्यातच ते जानेवारी २०१० चं पान निघालं.

आईची पद्धत अशी: रोजचं दूध दीड लिटर. नेहमीसारखं घेतलं तर चौकोन रिकामा, नाही घेतलं तर फुली. त्या पानावर एकच फुली होती, ३ तारखेला. म्हणजे ३० दिवस, ४५ लिटर. मी तक्त्यात तसं भरलं. पण पानाच्या मागे टाचणीने लावलेली दूधवाल्या काकांची चिठ्ठी होती आणि तिच्यावर ३१.५ लिटर लिहिलेलं. फरक साडेतेरा लिटरचा, म्हणजे बरोबर नऊ दिवसांचा. मी काय केलं असेल? चिठ्ठी दुसऱ्या महिन्याची असणार, असं ठरवून 'विसंगत' नावाच्या पाकिटात टाकून दिली. हे करू नका. दोन साधनं एकमेकांशी भांडत असतील, तर तिथे थांबायचं असतं. मी गैरसोयीचं साधन बाजूला सारलं आणि पुढे गेले.

वर्षभराने आईशी फोनवर बोलताना सहज विषय निघाला. ती म्हणाली, "अगं, तेव्हा माझं ऑपरेशन नव्हतं का झालं?"

मी बारा वर्षांची होते. मला मामाकडे पाठवलं होतं, बाबा दवाखान्यात. नऊ दिवस घराला कुलूप आणि दूध बंद. फुल्या कुणी मारणार? काकांनी आपल्या वहीत प्रामाणिकपणे खाडे धरले. आमच्या कॅलेंडरवर मात्र नऊही चौकोन रिकामे राहिले, आणि आईच्या पद्धतीत रिकामा चौकोन म्हणजे 'सगळं नेहमीसारखं'. आमच्या घरातले सर्वांत विस्कटलेले नऊ दिवस माझ्या तक्त्यात अगदी सुरळीत म्हणून नोंदले गेले होते.

तेव्हा मुलाखतीतलं वाक्य मोडीत निघालं. कॅलेंडर काही लक्षात ठेवत नव्हतं. आई ठेवत होती.

रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंचं १९८३ चं पुस्तक आहे, 'मोअर वर्क फॉर मदर'. घरात यंत्रं आली तेव्हा लाकडं फोडण्यासारखी पुरुषांची आणि मुलांची कामं कमी झाली, पण स्वच्छतेच्या, खाण्यापिण्याच्या अपेक्षा वाढत गेल्या आणि आईचं काम सरलंच नाही, असं त्या दाखवतात. मी हे आधी वाचलेलं होतं, टिपणंही काढली होती. स्वतःच्या आईला लावून बघायचं सुचलं नाही.

आकडेवारीतूनही हे निसटतं. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. पण त्या सर्वेक्षणात दिवस अर्ध्या-अरध्या तासाच्या खणांत भरतात. कणीक मळताना 'उद्या गॅसचा नंबर लावायला हवा' हे आठवणं कुठल्या खणात घालणार? आता कॅलेंडर मोबाइलवर आलंय, आठवणीची घंटी वाजते. तुमच्या घरात ती घंटी लावून कोण ठेवतं, एवढं फक्त बघा.

एक गोष्ट राहिली. फेब्रुवारीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने '९ जा.' असं लिहिलेलं होतं. मी ते '९ जानेवारी' असं वाचून 'अज्ञात प्रसंग' या रकान्यात टाकलं होतं. प्रसंग वगैरे काही नव्हता. जानेवारीचे नऊ खाडे. दवाखान्यातून घरी आल्यावर आईने काकांच्या चिठ्ठीशी हिशेब पडताळून ते टिपून ठेवले होते.

मी विचारलं, "टाकेसुद्धा निघाले नव्हते ना गं तुझे? तेव्हा दुधाचा हिशेब कशाला करत बसलीस?"

"मग? महिना संपला होता. काकांचे पैसे कोण देणार होतं?"