परतीची तारीख

मोहिमेच्या आरंभाला आपल्याकडे मुहूर्त असे आणि समाप्तीला ऋतू असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघालेले शिवकालीन लष्कर पर्जन्यकाळाच्या तोंडाशी छावणीस परतावे, ही जी वहिवाट सभासदाने आपल्या बखरीत नोंदवली आहे, तिच्यात शिपायाने घरी केव्हा यावे याचा निवाडा दरबाराला करावा लागत नसे. मृगाचे ढगच तो करून टाकीत. समुद्र ओलांडून परमुलखात लढणाऱ्या आधुनिक सैन्याला असा पाऊस उरलेला नाही. त्याची रसद पुराने तुटत नाही, शिवारातले पीक त्याची वाट पाहत नाही, आणि म्हणून त्याच्या परतीचा दिवस कोणीतरी शाईने कागदावर लिहावा लागतो. तो दिवस लिहिण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींच्या सभेने कसा मिळवला, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे आपण मसलतीच्या तंबूत न पोहोचता खजिन्याच्या दारात येऊन उभे राहतो.

१६८९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने हक्कांचा जो कायदा संमत केला, त्यात पार्लमेंटाच्या संमतीवाचून शांततेच्या काळी खडी फौज बाळगणे बेकायदा ठरवले. त्याच वर्षी फौजेच्या शिस्तीसाठी जो कायदा केला त्याला बुद्ध्याच अल्प मुदत घातली, की ती सरताच राजाला पुन्हा सभागृहापुढे येणे प्राप्त व्हावे. पुढे १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना रचणाऱ्यांनी हाच धागा उचलून, सैन्याच्या खर्चाची कोणतीही मंजुरी दोन वर्षांहून अधिक काळाची असू नये, असे एक लहानसे कलम घातले. मला या कलमाचे मोल फार वाटते. शिपायाला हुकूम देण्याची सत्ता एकाच्या हाती असली, तरी त्याच्या रोजमुऱ्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असावी, इतका साधा विचार त्यात आहे.

परंतु खर्चाला मुदत घालणे आणि युद्धाला मुदत घालणे यांत पुष्कळ अंतर होते, आणि ते कापण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकन वसाहतींच्या युद्धाने घडवून आणला. २० जानेवारी १७७५ रोजी, म्हणजे पहिली गोळी झडण्यापूर्वी तीन महिने, वृद्ध आणि व्याधिग्रस्त लॉर्ड चॅटम याने उमरावांच्या सभेत उभे राहून बॉस्टनमधील सैन्य काढून घ्यावे असा ठराव मांडला. बेंजामिन फ्रँकलिन तो ऐकावयास जातीने हजर होता. ठराव मोठ्या बहुमताने बुडाला. त्यानंतर सात वर्षे रक्त सांडले, यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने शस्त्रे खाली ठेवली, आणि मग कुठे सामान्यांच्या सभेला जाग आली. जनरल हेन्री कॉनवे हा स्वतः सेनानी. अमेरिकेतील आक्रमक युद्ध थांबवावे असा त्याचा ठराव २२ फेब्रुवारी १७८२ रोजी १९३ विरुद्ध १९४, म्हणजे केवळ एका मताने पडला, आणि पाचच दिवसांनी त्याच आशयाचा ठराव २३४ विरुद्ध २१५ मतांनी संमत झाला. मार्च उलटण्यापूर्वी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ पायउतार झाला. चालू युद्धातून हात काढून घेण्यास प्रतिनिधिसभेने राजाला असे भाग पाडले. तारीख मात्र त्या ठरावात नव्हती.

ती आली १९७० साली. एप्रिलअखेर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हिएतनामच्या युद्धातील सैन्य कंबोडियात घुसवले, केंट येथील विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मारले गेले, आणि अमेरिकेच्या सिनेटात जॉन शर्मन कूपर व फ्रँक चर्च या दोन सभासदांनी जूननंतर कंबोडियातील सैन्यावर एक छदामही खर्च होऊ नये अशी दुरुस्ती मांडली. पक्ष भिन्न, प्रांत भिन्न. पण कूपर हे १९५५-५६ मध्ये अमेरिकेचे भारतातील राजदूत होते आणि चर्च यांनी दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर चाकरी केली होती, म्हणजे आशिया हा दोघांच्याही दृष्टीने नकाशावरचा नुसता रंग नव्हता. सुमारे सात आठवड्यांच्या वादानंतर ३० जूनला ती ५८ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर झाली. खालच्या सभागृहाने ती नाकारली, पुढे बदललेल्या रूपात ती कायद्यात आली. परंतु खर्चाच्या कागदावर दिवस लिहिण्याची रीत त्या उन्हाळ्यात रूढ झाली हे निश्चित.

त्याच वर्षी मॅकगव्हर्न आणि हॅटफील्ड या सिनेटच्या दोन सभासदांनी त्याहून धाडसाचे पाऊल टाकले: १९७१ च्या अखेरीस व्हिएतनाममधून सर्व सैन्य परत यावे. मॅकगव्हर्न महायुद्धात बाँबफेकी विमानाचे वैमानिक होते. हॅटफील्ड यांनी नौदलात असताना बेचिराख हिरोशिमा डोळ्यांनी पाहिले होते. मतदानापूर्वी मॅकगव्हर्न यांनी या सभागृहातील प्रत्येक सभासद तरुणांच्या मृत्यूला अंशतः जबाबदार आहे, असे सहकाऱ्यांच्या तोंडावर सांगितले, आणि १ सप्टेंबरला दुरुस्ती ५५ विरुद्ध ३९ मतांनी पडली. तिच्याविरुद्धचा मुख्य आक्षेप आजही जसाच्या तसा ऐकू येतो: तारीख जाहीर केली की शत्रू दबा धरून बसतो, वाटाघाटीतील आपले हुकमाचे पान आपणच टाकून देतो. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्या युद्धाला तारीख नाही, त्यात पूर्वी पडलेल्यांचे रक्त वाया जाऊ नये म्हणून आणखी रक्त मागितले जाते, आणि त्या हिशेबाची बेरीज कधीच पुरी होत नाही. तारीख मागितली गेली म्हणजे राज्यकर्त्याला निदान हे तरी सांगावे लागते की त्या दिवसापर्यंत नेमके काय साधावयाचे आहे. चुकीच्या कामी मरणारा शेवटचा माणूस तू हो, हे कोणाला कसे सांगावे, असा प्रश्न १९७१ च्या एप्रिलात जॉन केरी या माजी सैनिकाने सिनेटाच्या समितीला विचारला होता. त्याचे उत्तर देणे ज्याला टाळावयाचे असेल, तोच तारीख टाळतो, अशी माझी धारणा आहे.

पुढील वंशविस्तार त्वरेने सांगता येईल. कंबोडियावरील बाँबवर्षाव १५ ऑगस्ट १९७३ रोजी थांबला, तो खर्चाच्या कायद्यातील तारखेने. त्याच नोव्हेंबरात निक्सन यांचा नकाराधिकार धुडकावून काँग्रेसने युद्धाधिकारांचा ठराव कायम केला आणि साठ दिवसांची सरसकट मुदत घातली. सोमालियातील सैन्याला ३१ मार्च १९९४ ही तारीख मिळाली. सोव्हिएत फौज जिनीव्हाच्या कराराप्रमाणे १५ फेब्रुवारी १९८९ रोजी अफगाणिस्तानातून बाहेर पडली. श्रीलंकेतील आपल्या शांतिसेनेबाबत तर तारीख मागणारे यजमान राष्ट्रच होते: तेथील राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी २९ जुलै १९८९ चा आग्रह धरला, प्रत्यक्षात अखेरची तुकडी २४ मार्च १९९० रोजी निघाली, आणि तोवर सुमारे १,२०० भारतीय जवान धारातीर्थी पडले होते.

या साऱ्या तारखांमध्ये एक गोष्ट मला सतत सलते. तारीख लिहिली जाते ती परतणाऱ्यांसाठी. ज्यांनी त्या फौजेवर विसंबून आपले दैव तिच्याशी बांधले, त्यांचा उल्लेख तिच्यात क्वचितच असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळाच्या तटाशी, कागदपत्रे डोक्यावर धरून गटारात उभी राहिलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली. म्हणूनच मी पुन्हा अमेरिकन वसाहतींच्या युद्धाकडे, त्याच्या अखेरीच्या १७८३ मधील न्यूयॉर्ककडे वळतो. तेथील इंग्रज सेनापती गाय कार्लटन याला शहर रिकामे करण्याचा हुकूम होता, आणि अमेरिकेशी झालेल्या तहात अमेरिकनांच्या गुलामांना बरोबर नेऊ नये असे कलम होते. मे महिन्यात वॉशिंग्टनने ते कलम त्याच्यापुढे ठेवले, तेव्हा ज्यांना इंग्रजी निशाणाखाली स्वातंत्र्याचे वचन दिले गेले त्यांना परत देण्यात अप्रतिष्ठा आहे, असे सांगून कार्लटनने नकार दिला. ऑगस्टात त्याने काँग्रेसच्या अध्यक्षाला कळवले की आश्रयार्थी अजून येतच आहेत, सबब जाण्याची तारीख देता येत नाही. त्याच्या कारकुनांनी सुमारे तीन हजार कृष्णवर्णीयांची एक वही तयार केली: नाव, वय, शरीराचे वर्णन, पूर्वीच्या मालकाचे नाव, आणि ज्या जहाजावर तो माणूस चढला त्या जहाजाचे नाव. जहाजे नोव्हा स्कोशियाकडे जात राहिली, वहीची पाने भरत राहिली, आणि मग २५ नोव्हेंबरला अखेरच्या फौजेने शहर सोडले.