पहिलं नाव कोणाचं? खो-खोचा ड्राफ्ट आणि पळणाऱ्या गड्याची किंमत

समजा, उद्या तुम्हाला खो-खोचा एक व्यावसायिक संघ बांधायला दिला. समोर खेळाडूंची लांबलचक यादी आहे आणि प्रत्येक नावापुढे एक शब्द आहे: वजीर, संरक्षक, अष्टपैलू, सूर मारणारा आक्रमक. तुमची पाळी आली की एक नाव घ्यायचं. मग बाकीचे पाच संघ आपापली नावं घेणार, आणि तोवर तुमच्या मनातलं दुसरं नाव यादीत उरलेलं असेलच असं नाही. पहिलं नाव कोणत्या जागेच्या खेळाडूचं घ्याल?

खो-खोला हा प्रश्न २०२२ पर्यंत कुणी विचारलाच नव्हता. तालमीचा, शाळेचा, जिल्ह्याचा संघ असायचा, आणि त्यात जो असेल तो पळायचाही आणि पाठलागही करायचा. त्या वर्षी पुण्यात बालेवाडीला ‘अल्टिमेट खो-खो’ ही लीग सुरू झाली आणि खेळाडू वाटून घ्यायची वेळ आली. माझं पीएचडीचं काम खो-खोच्या नियमांच्या इतिहासावर आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे मी प्रशिक्षकाच्या नजरेनं कमी आणि नियमपुस्तकाच्या बाजूनं जास्त बघते.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते बघू, कारण आपल्याला सवय लिलावाची आहे. आयपीएलमध्ये किंवा प्रो कबड्डीत एखादा खेळाडू हवाच असेल तर जास्त पैसे लावून तो घेता येतो. ड्राफ्टमध्ये तसं नाही. मोबदला आधीच ठरलेला असतो. लीगच्या पहिल्या हंगामात ‘अ’ गटाला ५ लाख, ‘ब’ला ३ लाख, ‘क’ला दीड लाख आणि ‘ड’ला १ लाख असे चार गट होते. संघाकडे उरतो तो फक्त क्रम, म्हणजे आधी कोणाला आणि नंतर कोणाला. ही पद्धत अमेरिकन फुटबॉलमधली. तिथला पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियात झाला. पहिल्या क्रमांकावर निवडलेला जे बर्वँगर पुढे त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही, हा त्यातला विनोद. पण तिथे नव्वद वर्षांत एक शहाणपण जमा झालंय. जागा खेळात किती महत्त्वाची आहे एवढंच बघायचं नसतं. त्या जागेचे चांगले खेळाडू यादीत किती आहेत आणि मागच्या फेरीत त्यातलं काही हाती लागेल का, हेही बघायचं असतं.

आता आपल्या खेळाकडे येऊ. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम लिहून काढले. पुढच्या दहा वर्षांत त्यावर बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यात काम झालं. १९२८ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ स्थापन झालं आणि १९३५ मध्ये मंडळाचं नियमपुस्तक आलं. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. हे सगळं चालू असताना बीड निजामाच्या राज्यात होतं, मग मुंबई राज्यात आलं आणि १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे नियम घडत होते पुण्या-बडोद्यात, आणि मराठवाड्याच्या वाट्याला ते तयार होऊन आले. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटाकडे लागेल.

या जुन्या नियमांत वेळ हेच चलन होतं. नऊ मिनिटांची पाळी, एक गडी बाद म्हणजे एक गुण. मराठी पेपरातल्या खो-खोच्या बातम्या काढून बघा. विजय कसा लिहिलेला असतो? ‘एक गुण व साडेतीन मिनिटे राखून.’ खेळाडूच्या नावापुढच्या कंसात काय असतं? ‘२.१०, १.४० मि. व ३ गडी.’ आधी मिनिटं, मग गडी. बरोबरी झाली तर लघुत्तम आक्रमण: दोन्ही संघांनी एकेकदा पाठलाग करायचा आणि पहिला गडी कुणी कमी वेळात बाद केला ते बघायचं. निकाल पुन्हा घड्याळावरच. माझ्या टिपणवह्या अशा कंसांनी भरल्यात. नुसता धावफलक म्हणून त्याकडे बघू नका. पळणारा गडी किती टिकला याची नोंद ठेवणारी ती एक जुनी हिशेबवही आहे.

लीगनं ही वही बदलली. पाळी सात मिनिटांची झाली, मैदान आखूड झालं, मॅट आली. साध्या स्पर्शाला दोन गुण, सूर मारून गडी टिपला तर तीन. आणि एक नवीनच माणूस आला, वजीर. तुम्हाला माहीत आहे की पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की त्याला मागे फिरता येत नाही. खांब गाठा किंवा खो द्या. वजिराला ही अट नाही, तो कुठल्याही दिशेला वळतो. बुद्धिबळातला वजीर डोळ्यांसमोर आणा, नाव तिथूनच सुचलं असावं. पॉवरप्लेमध्ये तर असे दोन वजीर. पळणाऱ्याला मात्र टिकण्याबद्दल थेट काहीच मिळत नाही. त्याची तुकडी ठरावीक वेळेच्या पुढे गेली तरच बोनस.

साहजिकच पहिल्या झटक्यात वाटतं, आक्रमक घ्या. पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा जिंकला. अंतर एका गुणाचं, आणि साध्या स्पर्शापेक्षा सूर मारल्याबद्दल जास्तीचा मिळतो तोही एकच गुण. अख्खी लीग जणू सूर मारणाऱ्यांसाठी बांधल्यासारखी वाटते.

पण आता जानेवारी २०२५ मधला दिल्लीचा विश्वचषक घ्या. त्याचे नियमही साधारण याच घाटाचे होते: सात मिनिटांच्या चार पाळ्या, गडी बाद झाला की दोन गुण, तुकडी तीन मिनिटं टिकली तर एक गुण आणि पुढे दर अर्ध्या मिनिटाला आणखी एक. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला ५४-३६ असं हरवलं. पाळीनुसार आकडे असे: भारत २६, नेपाळ १८, भारत २८, नेपाळ १८. भारताच्या ५४ गुणांपैकी संरक्षणातून आलेले गुण किती? शून्य. नुसता गुणफलक वाचणारा म्हणेल, संरक्षकांनी काहीच केलं नाही.

जुन्या वहीच्या पद्धतीनं वाचा. २६ गुण म्हणजे १३ गडी. ४२० सेकंदांत १३, म्हणजे ढोबळमानानं ३२ सेकंदांना एक नेपाळी गडी बाद. १८ गुण म्हणजे ९ गडी, म्हणजे ४७ सेकंदांना एक भारतीय गडी. भारताचा प्रत्येक गडी सरासरी पंधरा सेकंद जास्त पळाला, आणि त्या पंधरा सेकंदांचे पहिल्या दोन पाळ्यांतच आठ गुण झाले. आता हे आठ गुण भारताच्या आक्रमकांचे की संरक्षकांचे? गुणफलकावरून सांगता येत नाही. तो सगळे आक्रमकांच्या नावावर टाकून मोकळा होतो.

महिलांचा अंतिम सामना याहून बोलका आहे. भारत ७८, नेपाळ ४०. पहिल्या पाळीत भारताचे ३४. दुसरीत नेपाळचे २४ आणि भारताच्या संरक्षणाचा १. तिसरीत भारताचे ३८. चौथीत नेपाळचे १६ आणि भारताच्या संरक्षणाचे ५. हे पाच गुण कसे आले? चैत्रा बी. हिच्या तुकडीनं ५ मिनिटं १४ सेकंद काढली. सामना तोवर खिशात होता हे खरं, पण गणित करून बघा. दुसऱ्या पाळीत नेपाळ दर ३५ सेकंदांना एक गडी टिपत होता. त्याच वेगानं ३१४ सेकंदांत नऊ गडी गेले असते, म्हणजे अठरा गुण. पण या तुकडीत माणसंच तीन, त्यामुळे जास्तीत जास्त सहा गुण गेले. म्हणजे बाराएक गुण वाचले, आणि फलकावर दिसतात फक्त पाच. न दिलेले गुण कुठेच छापले जात नाहीत.

म्हणून माझं उत्तर: पहिलं नाव पहिल्या तुकडीत पळणाऱ्या संरक्षकाचं. त्याला पाठलागही बरा येत असेल तर उत्तमच.

कारण नुसतं वाचलेल्या गुणांचं नाही. एका पाळीत पहिली तुकडी नक्की पळते. दुसरीही बहुधा पळते. चौथीची वेळ येईलच असं नाही. त्यामुळे पहिल्या तुकडीत घातलेला चांगला गडी कधी वाया जात नाही. दुसरं म्हणजे आक्रमणात एखादा कच्चा गडी झाकता येतो. तो बसतो, खो घेतो, दोन पावलं टाकतो आणि पुढच्याला खो देतो. तीन जणांच्या तुकडीत कच्चा गडी लपवायला जागाच नाही. समोरचे आधी त्यालाच धरतात आणि मग उरलेल्या दोघांची साखळी मोडते. आणि तिसरं, ज्याकडे मला सगळ्यात कमी लक्ष दिलेलं दिसतं: वजीर ही जागा २०२२ मध्ये जन्माला आली. लहानपणापासून वजीर म्हणून तयार झालेला कुणी तेव्हा नव्हताच. यादीत ज्याच्या नावापुढे ‘वजीर’ होतं, तो खरं तर चपळ आक्रमक होता आणि त्याला एक नवी सवलत मिळाली होती. असे दोन-चार तुम्हाला दुसऱ्या फेरीतही मिळतात. दोन मिनिटं हुलकावण्या देत राहणारा पळणारा गडी मात्र नियमानं तयार होत नाही. त्याला दहा-बारा वर्षं लागतात.

नियम बदलले तर माझं उत्तरही बदलेल. उद्या सूर मारण्याला चार गुण दिले, तर मी नाव खोडून दुसरं लिहीन.

आता बीडची गोष्ट. विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची केज तालुक्यातल्या कळमअंबा गावची. वाढली, खेळली ती पुण्याच्या बाजूला. गुणफलकांत तिच्या नावापुढे मिनिटंही असतात आणि गडीही, म्हणजे जुन्या अर्थानं पूर्ण खेळाडू. तिला कोणत्या फेरीत निवडलं असतं? कुठल्याच नाही. लीगच्या दोन्ही हंगामांचे ड्राफ्ट पुरुषांचेच होते. ‘अ’ गट, ‘ड’ गट, पाच लाख, एक लाख, वजीर, संरक्षक ही सगळी किंमत ठरवताना तिच्यासारखी खेळाडू मोजमापात नव्हतीच.

दुसरी बाब मैदानाची. सूर मारायला मातीतही शिकता येतं, गुडघे आणि कोपरं सोलून घेत. पण खांबावरचा सूर रोज पन्नास वेळा घोटायचा तर मॅट लागते. मॅट शहरातल्या मोठ्या मंडळांकडे असते, केज-धारूरच्या शाळेच्या मुरमाड मैदानावर क्वचित. हुलकावणी, गोल, साखळी यांना मात्र फक्त दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि सोबतचे गडी लागतात. म्हणजे लीग जेव्हा सूर मारण्याला जास्त गुण देते, तेव्हा ती नकळत कुठल्या मैदानावर वाढलेल्या मुलाला वरचा गट मिळेल तेही ठरवते. नियम पुण्या-बडोद्यात लिहिले गेले तेव्हा मराठवाडा त्या खोलीत नव्हता, असं वर म्हटलं ते यासाठी. मोजणीची वही कोण लिहितं, हा प्रश्न १९१४ इतकाच २०२२ लाही होता.

विश्वचषकानंतर राज्य सरकारनं संघातल्या महाराष्ट्राच्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. सगळ्यांना सारखंच. कोण वजीर, कोण संरक्षक, कुणाचे किती गडी, असं काही विचारलं नाही. प्रशिक्षकाला ही चैन परवडत नाही, त्याला पहिलं नाव घ्यावंच लागतं. मुलींचा ड्राफ्ट कधी झाला आणि यादी तुमच्या हातात आली, तर ‘आक्रमक’ आणि ‘संरक्षक’ हे शब्द वाचण्याआधी त्या मुलीच्या जिल्हा स्पर्धेच्या जुन्या बातम्या मागवा आणि कंसातली मिनिटं बघा.