तळटीप : अभिरूप विधेयक

शालेय युवा संसदेत चर्चेसाठी विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेला कायद्याचा मसुदा म्हणजे अभिरूप विधेयक. मुंबईत 1962 साली भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने (प्रतोद म्हणजे सभागृहात पक्षसदस्यांची उपस्थिती व मतदान सांभाळणारा सदस्य) युवा संसदेची शिफारस केली. 1966-67मध्ये दिल्लीतील शाळांत सुरू झालेली युवा संसद स्पर्धा 1997-98पासून नवोदय विद्यालयांत आली आणि तेथील बहुतांश जागा ग्रामीण मुलांच्या असल्याने महागावसारख्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांनाही ती खुली झाली. मसुद्याचा खरा कस कलमांपूर्वीच लागतो, कारण विहिरीच्या पाण्याची किंवा कापसाच्या हमीभावाची अडचण विधेयकात मांडताना तो विषय राज्याच्या अखत्यारीतला की केंद्राच्या, हे विद्यार्थ्याला आधी संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शोधावे लागते.