दाट पेज आणि तापलेली तार

गोंदिया जिल्हा धानाचा; त्यामुळे भाताची पेज येथे सर्वांच्या ओळखीची. पातळ पेज लवकर निवते. दाट पेज मात्र फसवते: वरचा थर कोमट लागतो आणि खालच्या घोटाने जीभ भाजते.

तांदळाच्या अशाच दाट सुपाने काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाचे तोंड भाजले होते. १७९७ च्या एका निबंधात त्यांनी ही हकिगत दिली आहे. प्रयोगात गुंतल्यामुळे त्यांनी सूप शेगडीवर ठेवायला सांगितले. तासाभराने घेतलेला पहिला चमचा जवळजवळ थंड होता. खोलवरून घेतलेल्या दुसऱ्याने तोंड पोळले. पातळ द्रव असता तर तळचा तापलेला भाग वर चढून उष्णता पसरली असती. दाटपणामुळे हे अभिसरण थांबले होते.

पुढे रम्फर्ड यांनी दाखवले, की तळाशी बसवलेला बर्फ वर उकळते पाणी असूनही तरंगत्या बर्फापेक्षा ८० पटींहून अधिक सावकाश वितळतो. (वर्गात हे सहज करता येते. परीक्षानळीत बर्फाचा खडा जाळीने तळाशी अडकवावा व नळीचा वरचा भाग तापवावा.) पण यावरून त्यांनी द्रव उष्णतेचे वहन करीतच नाहीत, असा निष्कर्ष काढला. तो टिकला नाही. पाण्याची उष्णतावाहकता सुमारे ०.६ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन आहे. तांब्याची सुमारे ४००. म्हणजे थोडी, पण शून्य नव्हे.

हे 'थोडे' अचूक मोजायचे, तर अभिसरण सुरू होण्याआधीच मोजणी उरकली पाहिजे. १९३१ मध्ये स्वीडनमधील स्टॉलहाने व पिक यांनी वापरलेल्या तप्त तारेच्या पद्धतीचे मर्म हेच. केसाहून बारीक प्लॅटिनमच्या तारेतून वीज सोडतात. तीच तार तापवते आणि रोध बदलून स्वतःचे तापमानही सांगते. तापमानवाढ व काळाचा लॉगरिदम यांचा आलेख सरळ रेषा येतो; चढ जितका कमी, तितकी वाहकता जास्त. रेषा वाकली की अभिसरण सुरू झाले असे समजून पुढची वाचने सोडून द्यायची. खारट द्रवात वीज तारेबाहेर निसटते. म्हणून नागासाका व नागाशिमा यांनी १९८१ मध्ये तारेवर विद्युतरोधक लेप दिला.

एवढी काळजी का घ्यायची, हे नॅनोद्रवांच्या प्रकरणात दिसले. २००१ मध्ये अमेरिकेतील एका गटाने एथिलिन ग्लायकॉलमध्ये ०.३ टक्के तांब्याचे अतिसूक्ष्म कण मिसळून वाहकता ४० टक्के वाढल्याचे जाहीर केले. मॅक्सवेल यांच्या एकोणिसाव्या शतकातील सूत्रानुसार ही वाढ जेमतेम एक टक्का यायला हवी होती! यंत्रे थंड ठेवण्याचा नवा उपाय सापडला, असे अनेकांना वाटले. प्रयोगशाळांचे आकडे मात्र जुळेनात. अखेर ३० हून अधिक संस्थांनी, त्यांत भारतीयही होते, एकसारखे नमुने वेगवेगळ्या पद्धतींनी मोजले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्या नमुन्यांत असाधारण वाढ नव्हती, जुन्या सिद्धांताचेच विस्तारित सूत्र पुरेसे होते. माझ्या मते त्या दशकातले हे सर्वांत उपयुक्त काम, जरी त्यात नवे काही सापडले नाही.

मग पेज मोजायला सोपी म्हणावी का? एका बाजूने होय: दाटपणामुळे अभिसरण उशिरा सुरू होते व तारेला अधिक वेळ मिळतो. पण शिते आणि कण तळाशी बसू लागले, की त्याच भांड्यात वर एक आकडा मिळतो आणि खाली दुसरा.