तेलाच्या गावातला कागद

तेलाने श्रीमंत झालेले गाव म्हटले, की आपल्या मोहल्ल्यातल्या कोणाच्याही डोळ्यांसमोर आखात उभे राहते. कुवेत, दम्माम, दुबई. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि कोकणातून, मराठवाड्यातून, थोडेफार आमच्या खानदेशातूनही माणसे तिकडे गेली. कोणी गवंडी म्हणून, कोणी ड्रायव्हर म्हणून. वाळवंटातल्या तेलाने इकडच्या घरांवरचे पत्रे जाऊन स्लॅब आले. ती कथा आपण पुष्कळ ऐकली आहे, आपल्या कथाकारांनी ती लिहिलीही आहे. आम्हाला सांगायचे आहे ते दुसऱ्या तेलाबद्दल. तेही जमिनीखालीच होते, पण वीतभर खोल, भुईमुगाच्या शेंगेत. त्या तेलाने जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला असे काही दिले, जे आखाताने आमच्यापैकी कोणाला दिले नाही. त्या गावाचे नाव अमळनेर.

बोरी नदीच्या काठचे हे गाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या लाखाला थोडी कमीच भरली. नदीच्या वाळवंटात संत सखाराम महाराजांची समाधी, वैशाखात रथ निघतो. तापी ओलांडून गेले की थाळनेर, तिथे फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. ज्या फारुकींचे राज्य १६०१ साली अशीरगड अकबराच्या हाती पडला तेव्हा संपले, त्यांच्या थाळनेरकडे आज कोणी फारसे फिरकत नाही. अमळनेरचे म्हणाल तर साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पुढे याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण आपल्या शाळांतल्या पोरांना ‘श्यामची आई’ एवढेच ठाऊक असते, म्हणून सांगतो. प्रतापशेठजींनी गिरणी काढली, १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले. कापडाची गिरणी आणि तत्त्वज्ञान यांची सांगड घालणारे दुसरे गाव आम्हाला तरी माहीत नाही.

मुळात हा कपाशीचा मुलूख. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना खानदेशची आठवण झाली. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडाशी ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत आली, इकडून जळगावचा फाटा मिळाला. माल एका बाजूने मुंबईला, दुसऱ्या बाजूने सुरतेला जाऊ लागला. जिनिंग-प्रेसिंग आले, आडत आली, हमालांची वस्ती आली. कपाशीबरोबर सरकी होतीच, तीळ होता, आणि नंतर भुईमूग आला. हलक्या, मुरमाड जमिनीला तो मानवला. तेल काढायचे काम पूर्वी तेल्याच्या बैलघाण्यावर चाले, ते इंजिनावर चालणाऱ्या घाण्यांवर गेले. पेंड गुरांना, तेल पिंपात, पिंप रेल्वेत. जुनी माणसे सांगतात, हंगामात बाजारातून जाणाऱ्याच्या अंगरख्यालाही शेंगदाण्याचा वास लागत असे.

अशा गावाकडे मुंबईच्या एका व्यापाऱ्याचे लक्ष गेले. महंमद हुसेन हाशम प्रेमजी, कच्छी खोजा घराण्यातले, तिजारत तांदळाची, ब्रह्मदेशाशी संबंध असलेली. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला, तांदळाची ती वाट बंद झाली, इकडे रेशनिंग आणि नियंत्रणे आली. व्यापारी माणूस नव्या वाटेच्या शोधात होता. २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली आणि तिचा कारखाना अमळनेरला उभा राहिला. माल होता वनस्पती तूप. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती, आणि त्याच कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तेलातून ‘७८७’ नावाचा कपड्यांचा साबण.

वनस्पती तूप म्हणजे काय, हे आपल्या घरात सांगायची गरज नाही. डालडा १९३७ पासूनचा, आणि आमच्या लग्नांतल्या बिर्याणीची निम्मी कीर्ती त्याच पिवळ्या डब्याची. पण ते होते कसे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शुद्ध केलेले तेल बंद भांड्यात तापवायचे, त्यात निकेलची बारीक भुकटी घालायची आणि दाबाने हायड्रोजन वायू सोडायचा. तेल हा वायू पिते आणि गार झाल्यावर तुपासारखे थिजते, दाणेदार होते. शेंगदाण्याचा वास जातो, माल महिनोन्‌महिने टिकतो. साजूक तुपात हे मिसळून विकणारे निघालेच, म्हणून सरकारने नियम केला की प्रत्येक वनस्पतीत तिळाचे तेल घातलेच पाहिजे. तिळाचे तेल असले की रासायनिक तपासणीत लाल रंग उमटतो आणि भेसळ पकडली जाते. म्हणजे तूप नकली, पण त्याच्या पोटात साक्षीदार बसवलेला! गांधीजींचा या तुपाला विरोध होता, पुढे संसदेत बंदीचे विधेयकही आले. बंदी झाली नाही. मध्यमवर्गाला साजूक तूप परवडत नव्हते, आणि गरिबाला तर डालडा हीच ईदची चैन होती. आता डॉक्टर त्यातल्या ट्रान्स फॅटची भीती घालतात आणि २०२२ पासून सरकारने तिचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणले आहे, तो भाग वेगळा.

आम्हाला थांबायचे आहे ते १९४६ या सालापाशी. कंपनी पब्लिक लिमिटेड होती, तिचे शेअर १९४६ साली लोकांपुढे आले, शंभर रुपये दर्शनी किमतीचे. साल नीट लक्षात घ्या. त्याच वर्षी ऑगस्टात कलकत्ता पेटले, सप्टेंबरात मुंबई, मग नौखाली, मग बिहार. हिंदूचा मुसलमानावर आणि मुसलमानाचा हिंदूवर विश्वास उरला नाही असे दोन्हीकडचे पुढारी सांगत होते. अशा वर्षी एका मुसलमान शेठजीने खानदेशातल्या तालुक्याच्या गावात कारखाना मांडला आणि आपल्या नावाचा कागद बाजारात ठेवला. गुजर, मारवाडी, पाटील, वाणी, नोकरदार, यांपैकी काहींनी तो सुरुवातीलाच घेतला, बऱ्याच जणांनी मागाहून. कागद म्हणजे अमानत. पैसे देणाऱ्याला ना जमीन दिसते, ना सोने, ना गोणी. दिसते ते फक्त समोरच्याचे तोंड. देशाची वाटणी ज्या दिवसांत टेबलावर चालली होती, त्याच दिवसांत अमळनेरच्या बाजारात हा व्यवहार चालला होता, आणि इतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्याची ओळ नाही.

प्रेमजींना जिनांनी पाकिस्तानात येण्याचे बोलावणे दिले होते आणि त्यांनी ते नाकारले, हे त्यांच्या चरित्राच्या संदर्भात वारंवार सांगितले जाते. त्यांनी भाषण केले नाही, पत्रक काढले नाही. कारखान्याची चिमणी अमळनेरात होती, ते राहिले. फाळणीच्या वेळी राहिलेल्या मुसलमानांबद्दल बोलताना आपण मौलाना आझादांचे नाव घेतो, ते घेतलेच पाहिजे. पण जे हिशेबाच्या वह्या मिटवून न जाता मागे राहिले, त्यांचाही तो एक कौलच होता.

१९६६ साली महंमद हुसेन प्रेमजी वारले. मुलगा अझीम एकवीस वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनीअरिंग शिकत होता, शिक्षण सोडून परतला. भागधारकांच्या सभेत एकाने त्याला तोंडावर सुनावले, की तुमचे शेअर विका आणि कंपनी एखाद्या जाणत्याच्या हाती द्या. हा प्रसंग अझीम प्रेमजींनीच पुढे सांगितला आहे. तो मुलगा अमळनेरला येत-जात राहिला, शेंगेतला ओलावा आणि तेलाचा उतारा शिकला. नंतरचे आपण जाणताच. १९७७ साली कंपनीच्या नावातला वनस्पतीचा भाग गळून ‘विप्रो’ आले. त्याच सुमारास आयबीएमने देश सोडला आणि शेंगदाण्याची कंपनी बंगळुरात संगणक बनवू लागली. इकडे तेलाचा जमाना उतरत होता. सत्तरीच्या दशकात सरकारने वनस्पतीसाठी शेंगदाणा तेल वापरण्यावर बंधने आणली, मलेशियाचे पामतेल बोटीने यायला लागले. खानदेशच्या शेतातून भुईमूग मागे सरला, कपाशी आणि केळी पुढे आली. छोटे घाणे एकेक करून थंड पडले.

आणि मग गंमत झाली. तेल आटले, कागद वाढला. कंपनी बोनस शेअर देत गेली. १९८०, ८१ साली ज्याच्या पेटीत शंभर शेअर होते आणि ज्याने ते विकले नाहीत, त्याचे १९८१ पासूनचे बोनस आणि दोनदा झालेले विभाजन धरून २०१० पर्यंत शहाण्णव लाख शेअर झाले. हा हिशेब कोणीही कागद-पेन्सिल घेऊन करू शकतो. किंमत शेकडो कोटी रुपयांत जाते. २००० सालच्या फेब्रुवारीत संगणक कंपन्यांचे वेड शिगेला पोचले तेव्हा एकेक शेअर दहा हजारांच्या उंबरठ्यावर होता. मुंबई-दिल्लीचे वार्ताहर मग गावात आले आणि ‘करोडपतींचे गाव’ अशी वर्णने छापून गेले. त्यांना मोठे बंगले आणि गाड्या दिसल्या नाहीत, याचेच त्यांना नवल वाटले. आम्हाला नवल वाटले नाही. खानदेशी माणूस पैसा दाखवत नाही, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन तो पेटीला कुलूप लावतो. ही कंजुषी आहे की शहाणपण, यावर आमच्यात दोन मते आहेत.

पण या श्रीमंतीत आमचा वाटा किती? खरे सांगायचे तर थोडा. मुसलमान शेठजीच्या कारखान्याने गावातले मुसलमान मोहल्ले श्रीमंत केले नाहीत. आमची माणसे होती ती हमालीत, गाडीवानीत, पिंजाऱ्याच्या धनुकलीपाशी, बागवानाच्या हातगाडीपाशी. महिना संपेपर्यंत ज्याच्याकडे दहा रुपये उरत नाहीत, तो शंभराचा कागद कसा घेणार? जे घेऊ शकत होते त्यांच्यातल्या काहींना शंका होती, की शेअरचा पैसा व्याजात मोडतो की नफ्यात. कोणी मौलवींना विचारायला गेले, कोणी विचारलेच नाही आणि सोने घेतले. नफा-तोट्यात भागीदारी ही तर आपल्याकडची जुनी रीत, मुदारबत आणि मुशारकत हे शब्द मदरशात पाठ करायचे आणि बाजारात मात्र शेअर म्हटले की कानावर हात ठेवायचे, यात आमचे नुकसान झाले. ज्या मोजक्या घरांत कागद होते, त्यांनीही ते लवकर विकले. मुलीचे लग्न, विहिरीचे काम, हजचा खर्च. विकणाऱ्याला हसू नये. त्याला त्या वेळी त्या पैशाची गरज होती.

कौमेच्या सभांतून अझीम प्रेमजींचे नाव दोन प्रकारे येते. एक, छाती फुगवून: बघा, आपला माणूस. दुसरे, तक्रारीने: त्यांनी आपल्यासाठी काय केले? दोन्ही वेळा आम्हाला अवघडल्यासारखे होते. त्यांनी स्वतःला कधी मुसलमान उद्योगपती म्हणून मांडले नाही, तसे म्हणवून घ्यायला नकारच दिला. २०१९ पर्यंत कंपनीतली जवळजवळ सदुसष्ट टक्के मालकी त्यांनी शिक्षणाच्या आणि समाजकार्याच्या नावे केली, आणि ते पैसे खेड्यातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांवर खर्च होतात. त्या शाळांत आमची मुले आहेतच. वेगळी पंगत मागायची कशाला?

उलट प्रश्न आम्हाला घरातलाच छळतो. जुने कागद अजून निघतात, ट्रंकेच्या तळाशी, डाळीच्या डब्यात, कुठे कुठे निकाहनाम्याच्या घडीत. नाव अब्बांचे किंवा दादांचे, इंग्रजीत तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले. आता सगळे डीमॅट लागते, वारस दाखला लागतो, आणि सात वर्षे लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारी निधीत जातात, तिथून अर्ज करून सोडवून आणावे लागतात. आणि इथेच वाटणी येते. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन बाहेर ठेवली होती, त्यामुळे शेताच्या बाबतीत भावांना रिवाजाचा आडोसा मिळाला. शेअर शेतजमीन नाही. तिथे सूरह निसाचा हिशेब सरळ लागतो, मुलाला दोन तर मुलीला एक. रोज फजरला ती सूरह वाचणारे आमचे भाऊ तालुक्याला जाऊन आधी हक्कसोडपत्राचा कागद आणतात. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत बहिणींना ईदच्या दुसऱ्या दिवशी बोलावले गेले, शीरखुर्मा दिला, साडी दिली, आणि सह्या झाल्या. एका घरात मात्र धाकट्या बहिणीने पेन हातात घेऊन विचारले, ‘भाईजान, आज भाव काय आहे?’ तो कागद अजून वाटणीविना पडून आहे.