बाण : एका शब्दाची पारख

भंडारदऱ्याहून रतनवाडीमार्गे साम्रदला जावे आणि घाटमाथ्याच्या कड्यापाशी उभे राहावे. कोकणाच्या बाजूला एक सरळ, टोकदार सुळका उभा दिसतो. त्याला बाण म्हणतात. आकार पाहिला की नावाचा उलगडा निराळा करावा लागत नाही.

जवळच दोन कातळांमधली चिंचोळी दरी आहे. तिचे स्थानिक नाव सांदण. शहरातून येणारी मंडळी हल्ली तिला ‘संधान’ लिहितात. शेजारी बाण आणि इथे संधान, म्हटल्यावर शरसंधानाची एखादी कथा रचायला कितीसा वेळ लागणार? पण सांद म्हणजे अरुंद फट. सांदीकोपऱ्यातली सांद ती हीच. दरीचे रूपही तसेच आहे. ध्वनीच्या मागे गेलो तर चुकतो, जागा पाहिली तर अर्थ सापडतो.

‘तीर’ या शब्दाचेही असेच आहे. प्रवरेचा तीर संस्कृतातला; तिरंदाजाचा तीर फारसीतून आलेला. रूप एक, कुळे दोन. इथे वाक्यच आपल्याला सावरून घेते.

बाणाच्या बाबतीत मात्र जाणती माणसेही फसतात. पानिपतच्या इ. स. १७६१ च्या रणसंग्रामात बाण सुटले असे वाचले की आपल्या डोळ्यांपुढे धनुष्य आणि भाता येतो. परंतु अठराव्या शतकातल्या लढायांच्या वर्णनांत बाण म्हणजे पुष्कळदा दारूचा बाण : दारू ठासलेली नळी वेळूच्या लांब काठीला बांधायची, वात पेटवायची आणि शत्रूच्या फौजेवर सोडायची. हत्ती-घोडे बिथरवायला हे अस्त्र फार उपयोगी पडे. हिंदुस्थानातील फारसी लेखकांनीही त्यासाठी ‘बान’ हाच शब्द वापरला. म्हणजे आपण त्यांचा तीर घेतला आणि आपला बाण त्यांच्याकडे गेला!

पुढे हैदर व टिपू यांनी लोखंडी नळ्यांचे बाण वापरले. श्रीरंगपट्टणच्या १७९२ आणि १७९९ च्या वेढ्यांत इंग्रजांना त्यांचा अनुभव आला. त्यानंतर विल्यम काँग्रीव्हने इंग्लंडात आपले अग्निबाण तयार केले.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. जुन्या कागदातला प्रत्येक बाण धनुष्याचाच समजलो, तर तोफा-बंदुकांच्या काळातले आपले पूर्वज आपण उगाच रामायणकाळात नेऊन बसवतो. उलट, प्रत्येक बाण दारूचाच मानणेही चूक. त्या काळी धनुष्ये अगदीच नाहीशी झाली नव्हती. डोंगरातला तिरकमठा तर त्यानंतरही पुष्कळ टिकला. म्हणून प्रत्येक कागदाला विचारावे : बाण कोणी सोडला, कशातून सोडला, आणि त्याने काय केले?

दारूचा तो बाण आपल्या घरातून अजून गेलेला नाही. दिवाळीत बाटलीत काठी उभी करून मूल बाण लावते, तेव्हा पानिपतच्या काळचाच अर्थ त्याच्या तोंडी असतो. बखर वाचताना आपण मोठी माणसे तेवढे विसरतो.