ड्यूक एलिंग्टन : वाद्यवृंद आणि त्याचा पगार

कामगार चळवळीतल्या माणसाने संगीतकाराच्या चरित्राला हात घालावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु वाजवणाऱ्याच्या घरीही चूल असते, आणि ती कशी पेटते हे पाहिल्याखेरीज कलेचा इतिहास पुरा होत नाही, अशी आमची समजूत आहे.

एडवर्ड केनेडी एलिंग्टन, ज्यांना जग 'ड्यूक' म्हणते, ते २९ एप्रिल १८९९ रोजी वॉशिंग्टन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मले. वडील बड्या घरी खानसामा होते. १९२७ साली न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात त्यांच्या वाद्यवृंदाला काम मिळाले. तेथे वाजवणारे काळे आणि ऐकणारे गोरे, असा रिवाज होता. रेडिओने त्यांचे सूर देशभर नेले. पण दक्षिणेत हॉटेलवाले बिछाना देईनात, म्हणून दौऱ्यावर ही मंडळी भाड्याने घेतलेल्या रेल्वेच्या डब्यांतच मुक्काम करीत.

इतर रचनाकार कागदावर लिहितात आणि वाद्यवृंदाची वाट पाहतात. एलिंग्टनांनी स्वतःचा वाद्यवृंद बारमाही पगारावर ठेवला. ते वाद्यासाठी नव्हे, माणसासाठी लिहीत. सॅक्सोफोनवादक हॅरी कार्नी १९२७ साली आले ते १९७४ पर्यंत राहिले. महायुद्धानंतर मोठमोठे बँड मोडले, तेव्हा एलिंग्टनांनी आपल्या गीतांची रॉयल्टी ओतून हा संसार चालू ठेवला.

२३ जानेवारी १९४३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज' ही सुमारे पाऊण तासाची रचना सादर केली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगणारी ही कृती आरंभ होते ती श्रमगीताने! टीकाकारांना ती ना धड अभिजात वाटली, ना धड जॅझ. त्यातच वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकलेला होता. तबकडी एकदा निघाली की वर्षानुवर्षे वाजते, वादकाला मात्र मोबदला एकदाच. म्हणून कंपन्यांनी बेकार वादकांसाठीच्या निधीत भर घालावी, ही मागणी होती. मागणी न्याय्यच होती. पण त्यापायी या कृतीची तबकडी तेव्हा निघू शकली नाही. डिसेंबर १९४४ मध्ये ध्वनिमुद्रित झाले ते निवडक भाग. संपाची किंमत सांगताना आम्ही ही बाजूही सांगितली पाहिजे.

१९६३ साली हा वाद्यवृंद आपल्या मुंबईतही वाजवून गेला. पुढे १९६५ मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या परीक्षकांनी एलिंग्टनांच्या एकूण कार्यास विशेष सन्मान द्यावा अशी शिफारस केली. मंडळाने ती फेटाळली, आणि तिघांपैकी दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. एलिंग्टन २४ मे १९७४ रोजी निवर्तले. सन्मान जाहीर झाला १९९९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला. मंडळाला एवढा उशीर लागला; वादकांचा पगार मात्र एलिंग्टनांनी कधी पुढच्या पिढीवर ढकलला नाही.